थकबाकी

आडनाव रोकडे, म्हणून स्टेजसाठी त्यानं नाव घेतलं
थकबाकी.
सुमेधचे वडील बेस्टमध्ये मीटर वाचायचे.
जिन्याखाली उकिडवे बसून, टॉर्च काखेत धरून
आकडे मोठ्यानं म्हणायचे,
शून्य चार सात दोन, शून्य चार सात दोन,
लिहीपर्यंत विसरू नयेत म्हणून.
सुट्टीत हा त्यांच्या मागं मागं.
ताल तिथून आला.
मुलाखतीत मात्र तो न्यूयॉर्क सांगायचा.

मी त्याचा ड्रम.
कॉम्प्युटर नव्हता, माझं तोंड होतं.
बूम पोटातून, क टाळूवरून,
आणि पुढच्या दोन दातांच्या फटीतून तो बारीक
त्स, त्स, त्स,
शिट्टी होण्याआधी कुकरात वाफ चाचपडते तसा.
कोकरी आगारला मोनोरेलच्या खांबाखाली
रात्री साडेदहाला आम्ही दहाबारा जण, गोल करून.
वरून मोनो जायची, रिकामी.

पहिलं गाणं त्याच्या आईच्या कपाटात रेकॉर्ड केलं.
साड्यांमध्ये आवाज घुमत नाही.
डांबरगोळ्यांचा वास, फोन ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यावर,
विषय असा, की पाणी सव्वापाचला येतं, सहाला जातं,
तेवढ्यात प्रेम कधी करायचं.
ऐकलं लोकांनी. आधी आमच्या बिल्डिंगनं,
मग नायगावनं, मग एकदम
ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी असतं त्यांनी.

मग अंधेरीचं ऑफिस. काचेचं टेबल, अंगावर काटा येईल इतका एसी.
एकजण म्हणाला, शब्द भारी आहेत, हिंदीत करू या का?
दुसरा म्हणाला, मराठीच ठेवू,
पण शिव्या वाढवू, रस्त्याचा फील येतो.
रोकड्यांच्या घरात शिवी देत नसत.
त्यानं आमच्याकडून उसन्या घेतल्या,
वहीत उतरवल्या, बापासारख्या स्वच्छ अक्षरात.

त्याच महिन्यात माझे दात गेले.
शिवडी, बाईक, सांडलेलं ऑईल. त्यात काही कथा नाही.
त्स करायला गेलो की थुंकी उडायची.
त्यांच्या लॅपटॉपवर हजार प्रकारचे त्स होते.
त्यानं मला काढलं नाही, हे मी अजून सगळ्यांना सांगतो.
फक्त बोलावलं नाही.

पुढचं तुम्हाला पोस्टरवरून माहीत असेल.
वेफर्सची जाहिरात. दुबईत एक रात्र.
हप्ते थकल्यावर परत गेलेली पिवळी गाडी.
कुणा नगरसेवकाच्या प्रचाराचं गाणं, खाली नाव न घालता.
मग त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरं आली,
त्याला सर म्हणू लागली, आणि संपलंच.
वडील गेले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो.
जिन्याखाली नवे मीटर लागले होते, स्वतःच आकडे पाठवणारे.
तो खाली वाकून बघत राहिला, बराच वेळ.

मी चेंबूरला दातांच्या लॅबमध्ये असतो.
माझे पुढचे दोन मीच केलेत. गच्च. फट नाही.

मंगळवारी फोन आला, सहा वर्षांनी.
म्हणाला, कपाटातली ती जुनी फाईल सापडली.
तिसऱ्या मिनिटाला बाबा हाक मारतायत,
सुम्या, जेवायला ये.
नेमकी तुझ्या त्सच्या खाली आलीय ती हाक.
खूप प्रयत्न केला, वेगळी निघत नाही.
तुला चालेल का?

पैसे विचारायचे होते मला.
विचारलं, काय होतं रे जेवायला?
पलीकडे कुठलासा पंखा फिरत होता.
आठवत नाही, म्हणाला. बहुतेक बोंबील.
मी म्हटलं, वापर. पण नाव लाव.

समोर टेबलावर कुणा बाईचा साचा होता,
पुढच्या दातांत फट,
सोबत डॉक्टरची चिठ्ठी: फट बुजवणे.
मी मेण तापवलं.
मग जरा वेळ तसंच राहू दिलं.